कटिंगच्या रेघेबाहेरचे मान्यवर

मारिक्कनीचं लग्न ठरलं आणि त्यामुळे पत्रिका छापणं क्रमप्राप्त झालं. शिवकाशीत जमलेलं लग्न मोडायला जी कारणं सर्वमान्य आहेत, त्यांत पत्रिकेचा नंबर पहिला लागतो. मुलगा दारू पितो असं कळलं तर मुलीकडचे चौकशी करतात, मध्यस्थ घालतात, त्याला मुरुगनच्या देवळात नेऊन शपथ घालतात. पत्रिकेत आत्याच्या यजमानांचं नाव राहिलं, तर मात्र बोलण्यासारखं काही उरत नाही. मारिक्कनीचं याआधी एकदा जमलेलं लग्न याच कारणाने मोडलं होतं. राहून गेलेले गृहस्थ "मी मेलो असं समजलात काय?" असं ओरडत पत्रिका घेऊन दारात उभे राहिले होते, आणि त्यांच्या मागोमाग मुलाकडची सगळी मंडळी साखरपुड्यात दिलेली ताटं परत मागायला आली होती.

"ह्या खेपेला पत्रिका तेवढी नीट कर गं माझे आई," तिची अम्मा म्हणाली. "नवऱ्याचं काय, तो मागाहूनही दुरुस्त करता येतो."

आता पत्रिका नीट करणं हा तर मारिक्कनीचा पोटापाण्याचाच धंदा होता. बसस्टँडमागच्या एका ऑफसेट छापखान्यात ती फायली लावायला बसायची. देशभरातले शिकलेसवरलेले लोक तिला कॅलेंडरांच्या, डायऱ्यांच्या, उदबत्तीच्या पुड्यांच्या फायली पाठवत आणि ती त्या परत पाठवी. कोणी मोबाईलवर आलेला नखाएवढा फोटो भिंतीएवढा करून मागे. कोणी पडद्यावरचा चमचमता हिरवा रंग शाईत मागे आणि मिळाला नाही की शाईला दोष देई. पण सगळ्यात जास्त फायली परत जात त्या ब्लीड नसल्यामुळे. कटिंगची सुरी काही देवमाणूस नसते, ती केसभर इकडेतिकडे जाते. म्हणून रंग कापायच्या रेघेच्या थोडा बाहेरपर्यंत छापायचा आणि बाहेरचं कापून टाकायचं, म्हणजे कडेला पांढरी फट दिसत नाही. ह्या बाहेरच्या पट्टीला ब्लीड म्हणतात. ती छापली जाते, पण कोणाच्या हाती पडत नाही. कुठे कापायचं ते कळावं म्हणून चारी कोपऱ्यांवर बारीक काळ्या खुणा असतात. शिवकाशीत अर्धी घरं छपाईवर चालतात, त्यामुळे ह्या खुणांचा अर्थ तिथे शेंबड्या पोरालासुद्धा सांगावा लागत नाही.

नवरा मुलगा पोन्राज हा लॅमिनेशनवाला. दोघांची ओळख झाली ती तो एका मिठाईवाल्याच्या खोक्याची फाईल घेऊन आला तेव्हा. मारिक्कनीने सवयीने तोंड वाकडं करून फाईल उघडली, तर आत चारी बाजूंनी बरोब्बर ब्लीड. अख्ख्या नोकरीत असा माणूस तिने पाहिला नव्हता. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. हाच नवरा हवा, दुसरा नको, असं तिने घरात स्पष्ट सांगितलं होतं आणि आता तो एका पत्रिकेपायी हातचा जाईल ह्या भीतीने तिचा जीव टांगणीला लागला होता.

भीती खरी ठरायला वेळ लागला नाही.

"रत्तिनसामीचं नाव येणार नाही," तिचे अप्पा तंगपळम यांनी जाहीर केलं. रत्तिनसामी म्हणजे त्यांचेच थोरले भाऊ, मारिक्कनीचे पेरियप्पा. दोन्ही घरांमध्ये एक भिंत होती, भिंतीवरून एक शेवगा वाकला होता आणि शेंगा कोणाच्या हा प्रश्न न्यायप्रविष्ट होता.

"नाव नाही आलं तर मोठे भावजी मंडपात पाऊल ठेवणार नाहीत," अम्मा म्हणाली.

"आणि आलं तर मी ठेवणार नाही."

"अहो, कन्यादान?"

"शेवग्याकडून करून घ्या."

मागच्या वेळची ती ताटं, तो दारातला आरडाओरडा, सगळं मारिक्कनीच्या डोळ्यांपुढे आलं. मग तिने अप्पांना छापखान्यात बोलावलं, पडद्यासमोर बसवलं आणि पेरियप्पांचं नाव ठळक अक्षरांत पत्रिकेच्या अगदी कडेला नेऊन ठेवलं. कडेच्या जरा पलीकडे.

"हे ब्लीडमध्ये आहे," अप्पा म्हणाले. ते शिवकाशीचेच होते.

"हो. पेरियप्पांना फोनवर दाखवायची प्रत मी खुणा काढून पाठवते. नाव त्यांना स्वच्छ दिसेल, ते होकार देतील. मग कटिंग झालं की नाव गेलं. विचारलं तर सांगायचं, सुरी सरकली."

तंगपळम यांनी खुर्ची पुढे ओढून ते नाव पुन्हा वाचलं. मग त्यांचे डोळे भरून आले. "माझ्या पोटी एवढी हुशार पोर जन्माला आली आणि मी तिला फायली लावायला बसवली! तू कलेक्टर व्हायची होतीस गं."

ही गोष्ट कोणालाही सांगायची नाही असं ठरलं. त्याप्रमाणे तंगपळम यांनी ती फक्त व्याह्यांना सांगितली. व्याही म्हणजे पोन्राजचे वडील, चेल्लय्या. तेही कोणाला सांगणारे नव्हते. ते दुसऱ्या दिवशी गुळाची कॉफी प्यायच्या निमित्ताने छापखान्यात आले आणि मारिक्कनीच्या खुर्चीशी वाकून म्हणाले, "पोरी, त्या पट्टीत आणखी एक माणूस मावेल का? आमच्या मोठ्या जावयाचं काय आहे, नाव घालणं भाग आहे, पण बघवत नाही."

"मावेल, मामा."

"आणि हे आपल्या दोघांतच."

त्यानंतर प्रकरण रीतसर मार्गी लागलं. अर्ज तोंडी स्वीकारले जात होते. प्रत्येक अर्जदार एकटा येई, "नाव मोठ्या अक्षरांत घाल, पण तिकडे घाल," असं म्हणे आणि जाताना इतरांना ह्यातलं काही माहीत नाही ना, याची खात्री करून घेई. अम्माने नणंदेला बाहेर काढलं. नणंदेने अम्माच्या भावाला काढलं. मुलाकडच्यांचा एका पक्षावर जीव, मुलीकडच्यांचा दुसऱ्या, त्यामुळे दोन्ही पक्षांच्या वॉर्डातल्या पुढाऱ्यांचे हात जोडलेले फोटो परस्परांच्या विनंतीवरून रेघेबाहेर गेले. शेवटी "व्याह्यांचं नाव माझ्या नावाच्या वर का?" ह्या मुद्द्यावर तंगपळम यांनी चेल्लय्यांना बाहेर काढलं आणि नेमक्या त्याच मुद्द्यावर चेल्लय्यांनी तंगपळम यांना. दोघांच्याही अर्जात शब्द तेच होते.

मूळची पट्टी बोटाच्या पेराएवढीही नव्हती. ती वाढता वाढता पत्रिकेपेक्षा रुंद झाली. छापखान्याचे मालक, ज्यांना सगळा गाव अण्णाच्ची म्हणतो, त्यांना कागद मोठा लागणार म्हणून आनंद झाला. "ब्लीड भरपूर असावं," ते म्हणाले. "कामात कंजुषी बरी नव्हे." आणि जाता जाता त्यांनी शेजारच्या छापखान्याच्या मालकाचं नाव सुचवलं.

मग एके दिवशी पोन्राजची आई, सोर्णम अत्तै, हातात पालकोव्याच्या मिठाईचा डबा घेऊन आली. तिने मारिक्कनीच्या केसांवरून हात फिरवला. "तू मला मुलीसारखी आहेस हो. एवढंच, की तुझ्या नावापुढे ते बी.एस्सी. आहे ना, आणि आमच्या पोन्राजच्या नावापुढे काहीच नाही. लोक दोन्ही नावं शेजारी शेजारी वाचणार. तेवढं बी.एस्सी. जरा तिकडे..."

"तिकडे कुठे, अत्तै?"

"अगं, सगळे जातात तिकडे."

मारिक्कनीने बी.एस्सी. उचललं आणि ब्लीडमध्ये ठेवलं. तीन वर्षं पहाटेची बस पकडून मिळवलेली ती तीन अक्षरं दोन पुढाऱ्यांच्या मध्ये जाऊन बसली. तिला फार राग आला. अत्तै पायऱ्या उतरते न उतरते तोच तिने 'सौ. सोर्णम चेल्लय्या' हेही नाव उचललं आणि बी.एस्सी.च्या खाली ठेवून दिलं. हा एकच अर्ज तिचा स्वतःचा होता. तिने तो स्वतःच दाखल करून घेतला आणि स्वतःच मंजूर केला.

संध्याकाळी पोन्राज आला. "तुला कोणाला काढायचंय?" तिने विचारलं.

"कोणाला नाही. आपली दोघांची नावं जवळ असू दे म्हणजे झालं."

तिने पडद्यावर फक्त रेघेच्या आतला भाग दाखवला. वर देव, खाली त्या दोघांची नावं, तारीख, वेळ आणि कल्याण मंडपमचा पत्ता. मध्ये ऐसपैस मोकळी जागा. शिवकाशीच्या इतिहासात पहिल्यांदाच लग्न कोणाचं आहे ते पत्रिकेवरून कळत होतं. दोघंही ती पत्रिका बघून खुळ्यासारखे हसत बसले. एकदा कटिंग झालं की ही एवढीच उरणार होती, दोष सगळा सुरीवर जाणार होता, आणि मग लग्न मोडायला कोणाच्या हातात काही पुरावाही राहणार नव्हता.

खुणा काढलेल्या प्रती सगळ्यांच्या फोनवर गेल्या. प्रत्येकाने आपलं नाव बोटांनी मोठं करून पाहिलं, शेजारी कोण आहे ते पाहिलं आणि अंगठा दाखवून मंजुरी दिली. पत्रिका छापून झाल्या. कटिंग तेवढं राहिलं.

पत्रिकांना हळद लावायचा मुहूर्त जोशीबुवांनी काढून दिला होता. तिकडे लग्नपत्रिकेच्या चारी कोपऱ्यांना हळद लावल्याशिवाय ती उंबऱ्याबाहेर जात नाही. बिनहळदीची पत्रिका आली की बायका आधी "कोण गेलं?" असं विचारतात, कारण मेलेल्याच्या सोळाव्या दिवसाच्या पत्रिकेलाच तेवढी हळद नसते. जोशीबुवांनी राहुकाळ टाळला, यमगंडम टाळलं, पण वीज मंडळ टाळायचं राहून गेलं. नेमक्या त्याच दिवशी देखभालीसाठी सकाळपासून वीज बंद होती आणि कटिंगचं मशीन थंड पडलं होतं.

"मुहूर्त चुकवायचा नाही," अण्णाच्ची म्हणाले. "बंडलं तशीच घेऊन जा. देवापुढे ठेवा, पहिल्या पत्रिकेला हळद लावा. वीज आली की सगळी कापून देतो." आणि त्यांनी छापलेले मोठे कागद खाकी वेष्टनात बांधून, चारी कोपरे तेवढे उघडे ठेवून, तंगपळम यांच्या घरी पोचवले.

मारिक्कनीला समईपुढे पाटावर बसवलेलं होतं, त्यामुळे तिला उठता येईना. पेरियप्पा रत्तिनसामी घरातले वडील म्हणून पुढे झाले आणि त्यांनी पहिल्या पत्रिकेला हळद लावली. सोर्णम अत्तै म्हणाली, "हात पिवळे झालेच आहेत, तर सगळ्याच करून टाकू." बायका बसल्या, कोपरे फडफडवत त्यांनी एकन् एक कागद हळदीचा केला. बघता बघता बंडलं संपली.

"झालं," अण्णाच्ची म्हणाले. "आता कटिंगला नेतो."

"कटिंगला?" रत्तिनसामींनी बंडलावर हात ठेवला. "हळद लागलेल्या कागदाला सुरी लावणार? कोपरे कापले म्हणजे हळद गेली. मग काय, माझ्या पुतणीच्या बिनहळदीच्या पत्रिका गावभर वाटणार? गेलेलं माणूस कोण, तेही सांगून ठेव मला."

कापायलाच पाहिजे, ह्याबद्दल तिथे बसलेल्या एकूण एक माणसाचं मनोमन एकमत होतं. पण का कापायचं, ते तोंडाने सांगता येईल असा एकही जण नव्हता. तंगपळम यांनी घसा साफ केला आणि समईची वात सारखी केली. चेल्लय्या म्हणाले, "पण कागद जरा मोठा वाटतो..."

"मोठा आहे तर चांगलंच आहे! पैसे मोजलेत आपण," रत्तिनसामी म्हणाले. "बघू तरी कशी झालीय." त्यांनी चष्मा चढवला आणि वेष्टन फाडलं.

आधी त्यांना आपलं नाव दिसलं आणि चेहरा खुलला. मग नावाशेजारची काळी खूण दिसली. त्यांनी बोटाने रेघ शोधली, त्या रेघेवरून बोट फिरवत सगळ्या कागदाची प्रदक्षिणा केली. "मी बाहेर?" ते म्हणाले. "मला कापणार होतात?"

प्रत्येकाने एकेक कागद ओढला. पुढचे काही क्षण त्या घरात निर्भेळ आनंदाचे होते. ज्याला त्याला आपण काढायला सांगितलेला माणूस नेमका बाहेर पडलेला दिसला. अम्मा नणंदेचं नाव बघून पदरात हसली. नणंद अम्माच्या भावाचं नाव बघून हसली. चेल्लय्यांना तंगपळम सापडले, तंगपळम यांना चेल्लय्या सापडले. मग नजर आपोआप सरकली आणि ज्याला त्याला आपलं स्वतःचंही नाव सापडलं.

"हा काय चावटपणा आहे?" चेल्लय्या ताडकन उठले. "मुलाचा बाप रेघेबाहेर? आणि आत कोण, हॉलचा पत्ता?"

"तुम्ही बापाचं काय सांगता? मुलीचा बाप बघा कुठे टांगलाय!" तंगपळम ओरडले.

"मी मोठा भाऊ असून..."

"मी सख्खी नणंद असून..."

चेल्लय्यांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. "ज्या पोरीला एक फाईल धड लावता येत नाही, ती संसार काय लावणार? चल रे पोन्राज. हे लग्न..."

मारिक्कनी पाटावरून उठली. तिचा आवाज छापखान्यातला निघाला, फायली परत पाठवतानाचा. "मामा, फाईल बरोबर आहे. ज्याने जसं सांगितलं तसं लावलंय. कोणी कोणाला बाहेर काढायला सांगितलं, ते सगळं माझ्या लक्षात आहे. आत्ता सगळ्यांसमोर एकेक करून सांगते. बोला, कोणापासून सुरुवात करू?"

चेल्लय्या पुन्हा बसले. त्यांनी उपरणं काढून मांडीवर नीट घडी घालून ठेवलं. तंगपळम छताकडे बघू लागले. अण्णाच्चींना बाहेर कोणीतरी हाक मारल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात सोर्णम अत्तै रडवेल्या आवाजात म्हणाली, "मला मात्र कळलंच पाहिजे. मी काय वाईट केलंय कोणाचं? मला कोणी काढलं?"

इतकं सगळं करून वाचवलेलं लग्न आता मारिक्कनीच्याच एका अर्जावर अडलं होतं. तिने तोंड उघडलं.

"मी सांगितलं होतं, अम्मा," पोन्राज म्हणाला.

आपल्या आईचं नाव रेघेबाहेर गेलंय, हे त्याने त्या क्षणापर्यंत पाहिलंही नव्हतं. अत्तैने लेकाला दोन चापट्या मारल्या, एक हुंदका दिला आणि मग स्वतःच म्हणाली, "माझाच मुलगा आहे, बोलून दाखवणार कोणाला." मारिक्कनीला त्या क्षणी तो माणूस इतका आवडला, की तिला तिथेच रडू कोसळलं. माहेर सुटणार म्हणून रडते आहे असं समजून बायकांनी तिला जवळ घेतलं.

प्रश्न मात्र उरलाच. हळद लागलेले कागद कापता येत नव्हते आणि रद्दीतही घालता येत नव्हते. वाटणं भाग होतं. फुकटात परत छापावं लागेल ह्या धास्तीने शेवटी अण्णाच्चीच पुढे झाले. "तुम्ही उगाच मनाला लावून घेताय," ते म्हणाले. "सभेत मोठ्या लोकांना बाकीच्यांपासून दोरी लावून वेगळं बसवतात की नाही? तशीच ही रेघ. रेघेबाहेरचे ते मान्यवर. आत ते आपले किरकोळ."

सगळ्यांनी आत कोण कोण आहे ते पाहिलं. देव, नवरा आणि नवरी. ठराव एकमताने संमत झाला. रत्तिनसामींनी सूचना मांडली आणि तंगपळम यांनी तिला अनुमोदन दिलं. दोघे भाऊ एकमेकांशी कैक वर्षांनी बोलले. मारिक्कनीच्या नावाला जागा किरकोळांतच मिळाली, तिचं बी.एस्सी. मात्र मान्यवरांत गेलं.

लग्न ठरल्या तारखेला लागलं. कटिंगच्या खुणांसकट ती पत्रिका गावात फिरली आणि लोकांनी ती नीट वाचली. मंडपमच्या मालकाने माणूस पाठवून विचारलं, की आमचा पत्ता रेघेच्या आत टाकलात, आमचं काय चुकलं? पुढच्या लग्नसराईत बिनकापलेल्या पत्रिकेशिवाय कोणी पत्रिका छापेना. मग शाळांची स्नेहसंमेलनं आली, पतपेढ्यांचे वर्धापनदिन आले, पुढाऱ्यांचे वाढदिवस आले. रेघेच्या आतली जागा लहान लहान होत गेली, तारीख आणि वेळसुद्धा बाहेर जाऊ लागली. हल्ली मारिक्कनी फायली परत पाठवते त्या एकाच शेऱ्यासह: 'रेघेच्या आत माणसं आढळली, कृपया दुरुस्त करून पाठवा.'

आपल्याकडे ही सुधारणा अजून पोचलेली नाही. तुम्ही वाचताय ते पान जुन्याच पद्धतीने चारी बाजूंनी कापलेलं आहे. कापण्याआधी त्याच्या कडेला नावं होती. गोष्ट वाचताना तुमच्या मनात जे दोघं-तिघं येऊन गेले, त्यांची होतीच, तुम्हीच ती सांगितली होती. आणि तुमचंही होतं. ते कोणी सांगितलं, हे मारिक्कनीच्या लक्षात आहे. विचारायला खुशाल जा. फक्त ती सुरुवात तुम्ही सांगितलेल्या नावांपासून करील, आणि तेव्हा घरची सगळी मंडळी शेजारी बसलेली असेल.